जुनं चर्च, तुटपुंजा निधी आणि पुढची वीस वर्षं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पाळक, खजिनदार आणि कमिटीच्या सभासदांकडून फिरून फिरून येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. प्रत्येक उत्तर एकटं वाचलं तरी चालेल. जिथे दुसऱ्या उत्तराचा आधार लागतो तिथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे. रकमांची उदाहरणं फक्त हिशोब समजावा म्हणून घेतली आहेत.

१. अंदाजपत्रक तर आम्ही दरवर्षी करतो. मग वीस वर्षांचा वेगळा आराखडा कशाला?

अंदाजपत्रक एका वर्षाचं असतं. छप्पर पन्नास-साठ वर्षांतून एकदा पैसे मागतं, पण मागतं तेव्हा मंडळीचं (चर्चच्या सभासदांच्या समूहाचं) दीड-दोन वर्षांचं उत्पन्न मागतं. हा खर्च वर्षाच्या वहीत कुठेच दिसत नाही. त्यामुळे हिशोब शिलकीत आणि इमारत कर्जात, अशी गंमत अनेक ठिकाणी वर्षानुवर्षं चालते. पुढे ढकललेली दुरुस्ती हे कर्जच असतं. ते ताळेबंदात लिहिलेलं नसतं, एवढाच फरक.

आराखड्यात तीन गोष्टी हव्यात: प्रत्येक मोठ्या भागाची आजची स्थिती, तो बदलावा लागेल ते अंदाजे साल, आणि त्याला लागणारी रक्कम. चार-पाच पानांत सगळं मावतं. जाडजूड फाइल झाली की ती कपाटात जाते आणि पुढची कमिटी येईपर्यंत तिथेच राहते.

२. सुरुवात नेमकी कुठून करायची?

कागदांपासून. मालकीची कागदपत्रं, जुने नकाशे, विम्याची पॉलिसी, आधीच्या दुरुस्त्यांची बिलं, आणि सांडपाण्याची व पावसाच्या पाण्याची लाइन जमिनीखालून कुठून जाते त्याची खूण, हे सगळं एका जागी आणा. जुन्या बिलांना कमी लेखू नका. लोकांच्या आठवणीत गच्चीचं वॉटरप्रूफिंग ‘आत्ताच तर केलं’ असतं आणि बिलावर तारीख अकरा वर्षांपूर्वीची निघते.

मग इमारत पाहा, पण दोनदा: एकदा कोरड्या दिवशी आणि एकदा भर पावसात. जोराचा पाऊस चालू असताना छत्री घेऊन इमारतीभोवती एक फेरी मारली की पन्हाळ कुठे ओसंडते, पाइपाच्या कोणत्या सांध्यातून पाणी भिंतीवर ओघळतं, जोत्याशी डबकं कुठे साचतं, हे पंधरा मिनिटांत कळतं. कोरड्या दिवशी यातलं निम्मंही दिसत नाही. फोटो काढा आणि कुठे उभं राहून काढला ते लिहून ठेवा, म्हणजे पुढच्या वर्षी त्याच जागेवरून काढलेला फोटो शेजारी ठेवून तुलना करता येते.

तिसरं काम थोडं अवघड: इमारत कशासाठी हवी आहे ते ठरवणं. उपासनेला किती जण येतात, संडे स्कूलच्या खोल्या आठवड्यात किती तास वापरात असतात, कोणत्या खोलीला वर्षभर कुलूप असतं? याचं उत्तर न शोधता दुरुस्तीला हात घातला तर न वापरातल्या हॉलला नवा रंग लागतो आणि मुख्य मंदिराचं, म्हणजे उपासनेच्या दालनाचं, छप्पर गळत राहतं. सभासद फारच कमी उरले असतील तर आधी प्रश्न २१ वाचा.

३. पाहणी कमिटीने केली तर चालेल, की इंजिनिअर लागतोच?

दोन्ही लागतं. वर्षातून दोनदा, पावसाळ्याआधी आणि नंतर, कमिटीने स्वतः फिरून पाहावं. दर पाच वर्षांनी जाणकाराकडून पूर्ण पाहणी आणि लेखी अहवाल घ्यावा. चर्च ऑफ इंग्लंडमध्ये १९५५ च्या कायद्याने ही पाच वर्षांची पाहणी ठरवून दिली आणि ती पद्धत आजही चालू आहे. पाच वर्षं हा अवधी व्यवहार्य आहे. तेवढ्यात किरकोळ बिघाड सहसा मोठा होत नाही आणि फीचा बोजाही दरवर्षी पडत नाही.

माणूस निवडताना दोन गोष्टी पाहा. एक, त्याला जुन्या दगडी आणि चुन्यातल्या बांधकामाचा अनुभव हवा. ‘दर्जा (दगडांमधले सांधे) कशाने भराल?’ असं साधं विचारा. ‘सिमेंटने’ असं चटकन उत्तर आलं तर दुसरा शोधा (कारण प्रश्न ७ मध्ये आहे). दोन, पाहणी करणारा आणि काम घेणारा एकच नसावा. फुकट पाहणी करून देणाऱ्या ठेकेदाराच्या अहवालात त्याच्याकडे जे साहित्य असतं तेच आजाराचं औषध निघतं.

अहवाल चार गटांत मागा: ताबडतोब, दोन वर्षांत, पाच वर्षांत, आणि नुसतं लक्ष ठेवायचं. प्रत्येक कामापुढे अंदाजे खर्च हवा. ‘भिंतींची सर्वसाधारण स्थिती समाधानकारक’ अशा वाक्यांवर कोणताही खजिनदार काही ठरवू शकत नाही.

४. यादीत काय काय लिहायचं?

साध्या स्प्रेडशीटमध्ये एका भागाला एक ओळ आणि सात रकाने: भाग, कोणत्या साली बसवला, आजची स्थिती (१ ते ५), उरलेली वर्षं, आजच्या दराने बदलायचा खर्च, बिघडलं तर काय होईल, आणि शेवटची पाहणी कधी. ‘चर्च इमारत’ अशी एकच ओळ घालू नका. छप्पर एकसंध नसतं. कौलं, रिपा (कौलांखालच्या पट्ट्या), वासे, कैच्या (छप्पर पेलणारे त्रिकोणी सांगाडे), पन्हाळी आणि खाली उतरणारे पाइप यांची आयुष्यं वेगवेगळी असतात. पाळकगृह, हॉल, कंपाउंडची भिंत, पाण्याची टाकी आणि स्वच्छतागृहं यांचीही नोंद हवी. कंपाउंडची भिंत हमखास विसरली जाते आणि पडते तेव्हा रस्त्यावर पडते.

यादी झाली की एक आकडा काढा: आज व्हायला हवी होती पण राहून गेली अशा सगळ्या कामांची बेरीज, भागिले इमारत नव्याने बांधायचा खर्च. ५ टक्क्यांच्या आत असेल तर स्थिती चांगली, ५ ते १० मध्यम, १० च्या वर बिकट, असं इमारत-व्यवस्थापनात मानतात. दर तीन वर्षांनी हा आकडा पुन्हा काढला की गाडी कुठे चालली आहे ते कळतं.

५. कोणता भाग साधारण किती वर्षं टिकतो?

आकडे ढोबळ आहेत. हवामान, समुद्राचं अंतर आणि निगा यांनी ते बरेच बदलतात.

- पाटीच्या दगडाचं छप्पर: ७५ ते १५० वर्षं
- भाजलेली कौलं: ६० ते १०० वर्षं
- धातूचे पत्रे: ३० ते ५० वर्षं
- सपाट गच्चीवरचा डांबरी थर: १५ ते २० वर्षं
- चुन्याच्या दर्जा: नीट भरल्या असतील तर ६० वर्षं आणि पुढेही
- विजेचं वायरिंग: ३० ते ४० वर्षं
- बाहेरच्या लाकडाचा रंग: ५ ते ७ वर्षं
- रंगीत काचेतल्या शिशाच्या पट्ट्या: ७५ ते १०० वर्षं

कौलांच्या बाबतीत फसगत होते ती खिळ्यांमुळे. कौल वाजवून पाहिलं तर खणखणीत असतं, पण ज्या खिळ्यावर आणि रिपेवर ते टेकलेलं असतं ते गंजून किंवा कुजून गेलेले असतात. एका वर्षात वीस-पंचवीस कौलं घसरली तर दोष कौलांचा नाही. तेव्हा सुटी कौलं बदलत बसण्यापेक्षा शाबूत कौलं उतरवून, नव्या रिपा आणि न गंजणारे खिळे घालून तीच परत बसवणं स्वस्त पडतं.

६. सगळंच मोडकळीला आलंय. आधी काय करू?

जिवाला धोका असेल ते सर्वांत आधी: सुटलेला दगड, हलणारा क्रूस, लोंबकळती वायर, घंटेच्या चौकटीचे सैल बोल्ट. दुरुस्तीला पैसे नसतील तर निदान खालची जागा दोरी बांधून बंद करा, घंटा वाजवणं थांबवा. बंद करायला खर्च येत नाही.

त्यानंतर पाणी, आणि पाण्याचा क्रम वरून खाली: छप्पर, पन्हाळी, उतरते पाइप, जोत्याभोवतीची जमीन, जमिनीखालची लाइन. जुन्या इमारतीचे बहुतेक आजार पाण्यापासून सुरू होतात. भिजलेली भिंत, त्यातून कुजलेलं वाशाचं टोक, त्यातून सरकलेली कैची, त्यातून तडा. लाकडातली ओल २० टक्क्यांच्या वर टिकून राहिली की कुजणं सुरू होतं. ओल मोजायचं छोटं यंत्र मिळतं, ते एकदा घ्याच. वासा भिंतीत जिथे शिरतो ते टोक तपासा, कारण मधला भाग ठणठणीत आणि टोक भुसा झालेलं, हे नेहमीचं चित्र आहे.

पन्हाळ तपासायला एक बादली पाणी पुरतं. वरच्या टोकाला ओता. खाली पाइपाच्या तोंडातून ते एका धारेत आलं पाहिजे. मध्ये साचलं तर उतार गेला आहे. पाइपाच्या मागे भिंतीवर हिरवट पट्टा असेल तर सांधा फुटला आहे. वर्षातून दोनदा पन्हाळी साफ करणं हे अख्ख्या आराखड्यातलं सर्वांत स्वस्त काम, आणि नेमकं तेच ‘कोणीतरी करेल’ म्हणून राहून जातं. नाव आणि तारीख लिहून नेमा.

जमीन: बाहेरची पातळी आतल्या फरशीपेक्षा निदान १५० मिलिमीटर खाली हवी आणि भिंतीपासून दूर उतरती हवी. दर काही वर्षांनी आवारात मातीचा किंवा फरशीचा नवा थर पडतो आणि जोतं हळूहळू गाडलं जातं. अशा वेळी थर खरवडून काढणं हीच दुरुस्ती.

तिसरा क्रमांक विजेचा (प्रश्न १५ मध्ये आगीबद्दल). रंगरंगोटी, नवी फरशी, नवे बाक शेवटी. गळक्या छपराखाली केलेला रंग दोन पावसाळ्यांत पोपडे धरतो आणि मग ‘एवढा खर्च केला, उपयोग काय’ म्हणून अर्पण देणाऱ्यांचा हात आखडतो.

७. भिंतीला ओल आहे, लोणा (क्षारांचा पांढरा थर) लागलाय. सिमेंटचा पक्का गिलावा केला तर प्रश्न मिटेल ना?

मिटणार नाही, आत दडेल. चुन्यात बांधलेली जाड भिंत थोडं पाणी पिते आणि कोरड्या हवेत ते सोडून देते. चुन्याचा गिलावा आणि दर्जा हा या श्वासाचा रस्ता. त्यावर सिमेंट चढवलं की पाणी बाहेर पडायला जागा उरत नाही. ते भिंतीतच वर चढतं आणि सिमेंट संपतं त्याच्या वर नवा ओला पट्टा उमटतो. दर्जांमध्ये सिमेंट असेल तर आणखी वाईट: दर्ज दगडापेक्षा कठीण होते, ओल आणि क्षार दगडातून बाहेर पडू लागतात आणि दगडाचा पृष्ठभाग पापुद्र्यांनी सुटतो. काही वर्षांनी दर्जा जाळीसारख्या पुढे आणि दगड मागे खचलेले दिसतात. तिथवर पोचलं की दगड परत मिळत नाही.

करायचं ते असं. आधी पाण्याचं मूळ बंद करा (प्रश्न ६). मग सिमेंटचा गिलावा छिन्नीने सावकाश काढा आणि भिंत वाळू द्या. जाडीच्या दर २५ मिलिमीटरला साधारण एक महिना धरा. म्हणजे ४५० मिलिमीटरच्या भिंतीला दीड वर्ष. हा काळ कोणालाच आवडत नाही आणि घाई इथेच होते. आराखड्यात तो सरळ ‘वाळण्याचं वर्ष’ म्हणून लिहून टाका.

दर्जा भरताना जुना माल सांध्याच्या रुंदीच्या निदान दुप्पट खोल काढायचा, तोही हाताने. कटर मशीनने दगडाच्या कडा कापल्या जातात. नवा माल चुना आणि चाळलेली वाळू, साधारण १ ला ३. सांधा आधी भिजवायचा, भरल्यावर आठवडाभर ओल्या गोणपाटाने झाकायचा, कडक ऊन लागू द्यायचं नाही. चुना लवकर वाळला की पीठ होतो. आतून रंग द्यायचा तर चुन्याचाच. प्लॅस्टिक रंगाचा पापुद्रा सिमेंटसारखाच श्वास कोंडतो.

८. भिंतीला तडा गेलाय. घाबरायचं कधी?

रुंदीपेक्षा चाल महत्त्वाची. पन्नास वर्षांपूर्वी पडून थांबलेली ४ मिलिमीटरची भेग चालेल, सहा महिन्यांत १ ची ३ झालेली चालणार नाही. भेगेच्या दोन्ही टोकांवर पेन्सिलने रेघ मारून तारीख लिहा. दोन्ही बाजूंना एकेक छोटा स्क्रू बसवा आणि दर महिन्याला व्हर्नियरने (बारीक अंतर मोजायच्या मापकाने) त्यांमधलं अंतर मोजा. निदान बारा महिने मोजा, कारण ऋतूंप्रमाणे भेग उघडझाप करते आणि उन्हाळ्यातल्या तीन मोजण्यांवरून काढलेला निष्कर्ष फसवतो.

वाट न पाहता इंजिनिअरला बोलवायचं ते इतक्या वेळी: भेग ५ मिलिमीटरपेक्षा रुंद असेल, पायऱ्या-पायऱ्यांनी कोपऱ्याकडे जात असेल, दारं-खिडक्या अडकू लागल्या असतील, किंवा ओळंबा धरल्यावर भिंतीचं वरचं टोक बाहेर झुकलेलं दिसेल. शेवटच्या लक्षणात आधी कैचीची आडवी तणावपट्टी किंवा सळई पाहा. पंखे, दिवे किंवा माळा बसवताना ती कोणी कापली किंवा ढिली केली असेल तर छप्पर दोन्ही भिंतींना बाहेर ढकलत असतं. गवंड्याने भेग बुजवून यातलं काहीच बरं होत नाही.

९. दरवर्षी किती रक्कम बाजूला काढायची?

यादी तयार असेल (प्रश्न ४) तर हिशोब सोपा. प्रत्येक ओळीचा आजचा खर्च भागिले उरलेली वर्षं, आणि मग बेरीज. समजा:

- छप्पर: १८ लाख ÷ १२ वर्षं = १.५ लाख
- वायरिंग: ६ लाख ÷ ४ वर्षं = १.५ लाख
- दर्जा: ९ लाख ÷ १० वर्षं = ०.९ लाख
- बाहेरचं लाकूड आणि रंग: ३ लाख ÷ ५ वर्षं = ०.६ लाख
- खिडक्या: ५ लाख ÷ २० वर्षं = ०.२५ लाख

बेरीज ४.७५ लाख. ही पहिल्या वर्षीची रक्कम. पुढे दरवर्षी ती भाववाढीइतकी वाढवायची. ठेवीवरचं व्याज आणि बांधकामाची भाववाढ जवळपास सारखी असेल तर एवढ्यानेच पैसे वेळेवर जमतात. भाववाढ धरायचीच नाही, ही चूक फार महाग पडते: ६ टक्क्यांनी आजचे १८ लाख बारा वर्षांनी ३६ लाखांच्या वर जातात.

चौथ्या वर्षी वायरिंग झालं की १.५ लाखांचा हप्ता मोकळा झाला असं वाटतं. तो रोजच्या खर्चाकडे वळवू नका. त्या वायरिंगची पुढची तीस वर्षं त्याच दिवशी सुरू होतात आणि उरलेला भाग छपराला लागतो.

यादी अजून नसेल तर तोवर एक जुना ठोकताळा वापरा: इमारत नव्याने बांधायच्या खर्चाच्या २ ते ४ टक्के दरवर्षी देखभाल-दुरुस्तीला. सार्वजनिक इमारतींसाठी हे प्रमाण अमेरिकेतल्या नॅशनल रिसर्च कौन्सिलने १९९० मध्ये सुचवलं होतं. लहान मंडळीला हा आकडा बहुधा झेपत नाही, पण आपण किती मागे आहोत ते त्यावरून कळतं.

१०. तेवढे पैसे आमच्याकडे कधीच नसणार. मग आराखड्याचा उपयोग काय?

उपयोग आहे, कारण अर्धे पैसे असतील तर कोणतं अर्धं काम करायचं ते तो सांगतो. ‘बिघडलं तर काय होईल’ हा रकाना इथे कामाला येतो. पन्हाळ, पाइप आणि वाळवी यांच्या ओळी पूर्ण भरा, कारण त्यांच्यावर वाचवलेला एक पैसा इतर ओळींमध्ये दहा पैशांचा खर्च होऊन परत येतो. दर्जा एका वर्षी एकच भिंत घ्या, पावसाचा मारा असलेली पहिली. रंग पुढे ढकला, पण खिडकीच्या तळपट्टीवरचा नको, तिथे पाणी थांबतं.

तात्पुरती दुरुस्ती करायला लाजू नका. छपरावर ताडपत्री नीट बांधून दोन वर्षं मिळवणं हा शहाणपणा आहे. फक्त ती यादीत ‘तात्पुरती, अमुक तारखेपर्यंत’ म्हणून लिहा. न लिहिलेली तात्पुरती दुरुस्ती कायमची होते.

११. इमारत निधी आणि नेहमीचं अर्पण एकाच खात्यात ठेवलं तर काय बिघडतं?

पगाराच्या महिन्यात छपराचे पैसे जातात आणि परत येत नाहीत. वेगळं खातं ठेवा, दोन सह्या ठेवा आणि पैसे कोणत्या कामासाठी कोणाच्या मंजुरीने निघतील याचा अर्ध्या पानाचा ठराव करा.

इथे दोन प्रकारचे पैसे असतात, त्यांची गल्लत होऊ देऊ नका. कमिटीने स्वतः इमारतीसाठी बाजूला काढलेली रक्कम कमिटी ठरावाने परत वळवू शकते. देणाऱ्याने ‘छपरासाठी’ म्हणून दिलेली रक्कम दुसरीकडे वापरता येत नाही. त्यासाठी देणाऱ्याची किंवा कायद्याने लागेल ती परवानगी लागते. म्हणून निधी गोळा करतानाच पावतीवर छापा: ‘ठरलेल्या कामाहून जास्त रक्कम जमल्यास ती इमारतीच्या इतर दुरुस्तीला वापरली जाईल.’ ही एक ओळ पुढची बरीच डोकेदुखी वाचवते.

१२. मोठ्या कामासाठी सभासदांकडे पैसे मागायचे तर कसे?

एका कामासाठी, एका आकड्याने आणि ठरावीक मुदतीत. ‘चर्चच्या दुरुस्तीसाठी सढळ हाताने द्या’ यापेक्षा ‘उत्तर बाजूचं छप्पर, १४० चौरस मीटर, काम सुरू करायला ४ लाख कमी पडतात’ याला प्रतिसाद मिळतो. कुजलेल्या वाशाचा तुकडा मागच्या टेबलावर ठेवा. बोटाने दाबला की भुगा होतो, त्यापुढे भाषण लागत नाही.

मागण्याआधी कमिटीच्या प्रत्येकाने आपली रक्कम लिहून द्यावी. वचनं दोन-तीन वर्षांच्या मासिक हप्त्यांत घ्या, पण खर्च ठरवताना वचनांची पूर्ण बेरीज धरू नका. लोक स्थलांतर करतात, आजारी पडतात. हातात आलेल्या पैशांपुरताच टप्पा सुरू करा. आणि मोहिमेच्या काळात नेहमीचं अर्पण घटतंय का ते दर महिन्याला पाहा. एका खिशातून दुसऱ्यात गेलेले पैसे म्हणजे जमा नव्हे.

१३. कर्ज काढावं का?

थांबल्याने नुकसान व्याजापेक्षा वेगाने वाढत असेल तरच. उघड्या छपरासाठी हो, नव्या हॉलसाठी नाही. आणि हप्ता आजच्या नेहमीच्या उत्पन्नातून निघायला हवा. ‘पुढे सभासद वाढतील’ या भरवशावर नको.

१४. कोटेशनं आली, पण दरात दुपटीचा फरक. सर्वांत कमीचं घ्यायचं?

दुपटीचा फरक आला म्हणजे तिघांनी तीन वेगळी कामं मोजली आहेत. दोष बहुधा मागणाऱ्याचा असतो. कामाचं वर्णन आपण लिहून द्या: किती चौरस मीटर, कोणता माल, किती जाडी, परांची कोणाची, राडारोडा कोण उचलणार, उघडं छप्पर पावसात कसं झाकणार. मग कोटेशनं शेजारी ठेवता येतात.

आगाऊ रक्कम कमी, बाकी टप्प्यांनी आणि प्रत्येक टप्पा आपल्या माणसाने पाहिल्यावर. शेवटचे ५ ते १० टक्के एक पावसाळा जाईपर्यंत राखून ठेवायचे, आणि हे करारात आधीच लिहायचं. जुन्या इमारतीत उघडल्यावर काहीतरी निघतंच, म्हणून १५ ते २० टक्के जादा रक्कम धरा. परांची हा मोठा खर्च असतो. ती एकदा उभी राहिली की त्याच उंचीवरची सगळी कामं (पन्हाळ, दर्जा, खिडकीचा रंग, आकाशातल्या विजेपासून वाचवणाऱ्या वीजरोधकाची तार) त्याच वेळी उरका.

१५. विमा आहे. तेवढा पुरेसा नाही का?

पॉलिसीवरची रक्कम पाहा. ती बाजारभावाची नसावी, तशीच इमारत पुन्हा बांधायच्या खर्चाची असावी. पुनर्बांधणीला १०० लाख लागत असताना विमा ६० लाखांचा असेल, तर २० लाखांच्या नुकसानीवर कंपनी सरासरीच्या अटीनुसार १२ लाखच देऊ शकते. हळूहळू झिजणं, कुजणं, वाळवी यांना विमा बहुधा लागू नसतो.

आगीचा धोका दुरुस्तीच्या काळात सर्वांत जास्त असतो. पॅरिसच्या नोत्र दाम कॅथेड्रलला १५ एप्रिल २०१९ ला आग लागली तेव्हा तिथे दुरुस्तीचं काम चालू होतं. छपरावर वेल्डिंग, टॉर्च किंवा ग्राइंडर शक्यतो वापरूच देऊ नका. वापरलं तर लेखी परवानगी, शेजारी अग्निशामक आणि काम थांबल्यावर निदान एक तास तिथे माणूस. लाकडाच्या सांध्यात ठिणगी तासभर धुमसते. काम सुरू करण्याआधी विमा कंपनीला कळवा. न कळवल्याने दावा अडकू शकतो.

वायरिंग जुनं असेल तर तारांचं आवरण मेगरने (आवरणातून वीज गळते का ते मोजणाऱ्या यंत्राने) तपासून घ्या आणि विजेची गळती होताच प्रवाह तोडणारा ३० मिलिअँपिअरचा गळती-रोधक स्विच बसवा. वीजरोधकाचं अर्थिंग वर्षातून एकदा मोजा. ते १० ओहमच्या आत हवं.

१६. एका कुटुंबाला आठवणीखातर वेदीजवळ संगमरवर द्यायचा आहे. छताला गळती आहे. नाही कसं म्हणायचं?

‘नाही’ म्हणण्याची पाळी येण्याआधी यादी भिंतीवर लावा. देणगीदारांसाठी मान्य कामांचं पत्रक छापा, त्यात लहान-मोठ्या रकमा ठेवा: एक उतरता पाइप, एक खिडकी, एक कैची. नामफलक एकत्रच, सगळ्यांचा मिळून. छपराला दिलेल्या पैशाचा फलक लावता येत नाही अशी समजूत आहे म्हणून लोक संगमरवराकडे वळतात.

तरीही वस्तूच द्यायची असेल तर तिच्या पुढच्या देखभालीचा खर्च विचारा. एसीची भेट म्हणजे दर महिन्याचं वीजबिल मंडळीच्या नावावर. आणि ओल्या जमिनीवर घट्ट बसवलेली दगडी फरशी खालची ओल भिंतींकडे ढकलते, तेव्हा आधी प्रश्न ७.

१७. श्रमदानाने खर्च किती वाचवता येईल?

साफसफाई, झाडोरा काढणं, आतला रंग, यादीची मोजमापं, फोटो: हे सगळं खुशाल. उंचीवरचं काम, वीज, भार घेणारं लाकूड आणि जुने सिमेंटचे पत्रे यांना हात नको. अशा पत्र्यांत ॲस्बेस्टॉस असू शकतं. ते कापू किंवा घासू नका, भोकही पाडू नका. घंटाघरातली कबुतरांची विष्ठा कोरडी झाडू नका. पाणी शिंपडून, मास्क लावून काढा, कारण तिच्या धुळीतून फुप्फुसाचे आजार होतात. श्रमदान करणाऱ्यांचा अपघात विम्यात धरला आहे का, ते आधी विचारा.

१८. रंगीत काचांच्या खिडक्या फुगल्यात. बाहेरून प्लॅस्टिकची शीट लावली तर?

घट्ट बंद शीट लावली तर मधली हवा तापते, दमट होते आणि शिसं व रंग दोन्ही लवकर जातात. संरक्षण हवंच असेल तर वर-खाली हवा खेळती ठेवणारी फट सोडून. फुगवटा वाढतोय का ते दोरी ताणून मोजा. आडव्या आधाराच्या सळईला बांधलेल्या तारा तुटल्या असतील तर त्या परत बांधणं हे पहिलं आणि स्वस्त काम.

१९. हॉल भाड्याने देऊन इमारतीचा खर्च निघेल?

थोडा. भाड्यातून वीज, पाणी, सफाई, झीज आणि वाढलेला विमा वजा करून पाहा. उरलेली रक्कम अनेकदा निराश करते. दर ठरवताना त्या खोलीच्या दुरुस्तीचा वार्षिक हप्ता (प्रश्न ९) दरात घाला. लेखी करार, अनामत, आणि कर व जागेच्या वापराच्या नियमांबद्दल सल्ला, एवढं केल्याशिवाय चावी देऊ नका. वर्षानुवर्षं तोंडी चालणारी ‘आपलीच माणसं’ उठवताना सर्वांत त्रास होतो.

२०. कमिटी दर दोन-तीन वर्षांनी बदलते. आराखडा टिकणार कसा?

पदाधिकारी बदलले तरी इमारतीचं काम पाहणाऱ्या तिघांपैकी एकाच वेळी एकच बदलेल असं करा. एक जाड वही ठेवा: कोणतं काम, कोणी, कोणत्या मालाने, किती रकमेत, चुन्याचं प्रमाण आणि रंगाचा क्रमांक सुद्धा. वार्षिक सभेच्या विषयपत्रिकेत इमारतीच्या यादीचं एक पान कायम ठेवा. छत उघडं असताना आतल्या पाइप-वायरींचे फोटो काढायला विसरू नका, पुढच्या वेळी भोक कुठे पाडायचं नाही ते त्यावरून कळेल.

२१. आम्ही तीसच जण उरलोय आणि इमारत तीनशेंसाठी बांधलेली. तरी हे सगळं करायचं?

नाही, आधी आकार ठरवायचा. पर्याय असे: उपासना छोट्या खोलीत हलवून मुख्य इमारत नुसती कोरडी ठेवायची, इमारत दुसऱ्या मंडळीबरोबर वाटून घ्यायची, हॉल किंवा पाळकगृह सोडून मंदिर राखायचं, किंवा सगळंच दुसऱ्याच्या हाती द्यायचं. विक्री किंवा हस्तांतर करायचं तर मालकी कोणाच्या नावे आहे, मूळ दानपत्रात अटी आहेत का आणि वरिष्ठ मंडळाची व कायद्याची कोणती परवानगी लागते, हे आधी पाहा. विकून आलेले पैसे रोजच्या खर्चात घातले तर थोड्या वर्षांत संपतात आणि तेव्हा विकायला काही उरत नाही. ते ठेवीत ठेवा आणि व्याजच वापरा, तेही भाववाढीइतकं मुद्दल वाढू देऊन.

इमारत काही काळ बंद ठेवायची ठरली तर ‘बंद’ म्हणजे सोडून देणं नव्हे. पाण्याचा मुख्य कॉक आणि गरज नसलेली वीज बंद करा, पण खिडक्यांच्या वरच्या झडपा जाळी लावून उघड्या ठेवा. कोंडलेल्या हवेत लाकूड लवकर जातं. पन्हाळी वर्षातून दोनदा साफ होतच राहायला हव्यात. विमा कंपनीला इमारत रिकामी असल्याचं कळवा, कारण ठरावीक दिवसांनंतर पॉलिसीच्या अटी बदलतात. आठवड्याला एक चक्कर, पावसाळ्यात प्रत्येक मोठ्या सरीनंतर, आणि येऊन गेल्याची सही दाराआडच्या वहीत.